बंद गाडी तेल पीत नाही

ये, अशी जवळ ये बघू. पुण्यात आहेस, ठाऊक आहे मला, तरी खुर्ची ओढ आणि हातातला तो फोन पालथा ठेव. तुझी एक खोड मला लहानपणापासून आवडत नाही. प्रश्न विचारतेस आणि उत्तर अर्ध्यावर आलं की "आई, नंतर बोलू, मीटिंग आहे" म्हणून मोकळी होतेस. बाबांची गाडी का जाऊ दिलीस, हे तू मला किती वेळा विचारलंस, आणि एकदाही पुरतं ऐकलं नाहीस. म्हणून आता लिहूनच काढते. लिहिणारीला मध्येच तोडता येत नाही. शाळा माझी सातवीपर्यंतची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तूच लावून घे.

गाडी घरात कशी आली ते तुला पुसटसं आठवत असेल. तुझ्या बाबांनी हवाई दलात जन्मभर इंजिनं उघडली नि मिटली. शेवटची बदली लखनौला, मग अलीगंजमधलं हे घर. त्यांच्या एका साहेबांनी परदेशातून ती जपानी गाडी आणली होती, दोन दारांची, बसकी. इंजिन बसलं तेव्हा साहेब म्हणाले, "ले जाओ यार, उठेगी तो तुम्हारे ही हाथ से." ट्रॉलीवर घालून आणली. दिवे लावले की पुढचे दोन डोळे वर यायचे, बंद केले की मिटायचे. गल्लीतल्या पोरांनी नाव ठेवलं, मेंढक, म्हणजे बेडूक. तुझ्या बाबांना ते नाव खपायचं नाही. त्यांनी स्वतः मात्र तिला कधीच कुठलं नाव दिलं नाही. "ती" म्हणायचे. घरात तीन बायका होत्या, पण ते नुसतं "ती" म्हणाले की आम्हाला कळायचं, आपल्याबद्दल नाही.

तिच्या इंजिनात पिस्टन नाही. साध्या गाडीत पिस्टन वरखाली होतात. हिच्या आत शिंगाड्यासारखा तीन टोकांचा, फुगीर बाजूंचा लोखंडी गोळा फिरतो. असे दोन. त्या टोकांना बारीक पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्या सुक्या पडू नयेत म्हणून इंजिन स्वतःच थोडं थोडं तेल आत सोडून जाळत राहतं. ते दुखणं नव्हे, तिची प्रकृतीच तशी. वर आणखी टर्बो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो बाहेरची हवा आत कोंबतो. त्या पंख्यालाही तेल लागतं. थोडक्यात, सगळीकडून तेल मागणारी गाडी.

तू म्हणशील, आईला हे कुठून ठाऊक. थंडीत मी गॅरेजच्या दारात वेताच्या मोढ्यावर बसून मटार सोलायची, कारण घरात ऊन यायचं नाही आणि तिथे यायचं. तुझे बाबा काम करता करता बोलत असायचे. माझ्याशी नाही. इंजिनाशी. "काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त झालंय बाई तुला. पांढरा, आणि वर गोडसर वास, म्हणजे पाणी शिरलं. निळा म्हणजे तेल. आता तेल कुठून, ते तू सांग." मी ऐकायची. नवऱ्याचं बोलणं ऐकायचं असेल तर बायका काय काय शिकतात, मी इंजिन शिकले.

नेम त्यांचा असा की दर अमावास्येला गाडीवरून नारळ ओवाळायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, बॉनेट उघडायचं आणि तेल मोजायची ती लांब पट्टी ओढून खूण बघायची. कमी असेल तेवढंच तेल स्टीलच्या फुलपात्राने घालायचं. शेवटची काही वर्षं जवळचं दिसेनासं झालं, ऑपरेशन झालं तरी ती खूण दिसेना. "तू बघ" असं दुसऱ्या कुणाला सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग पट्टी ओढणं बंद झालं, नुसतं अंदाजाने फुलपात्रभर ओतायचं. ते जमून जायचं, कारण दर रविवारी गाडी इथल्या कपूरथळ्याच्या चौकापर्यंत जाऊन यायची, जितकं घातलं तितकं जळायचं. पण तुम्ही पोरांनी पाहिलं ते काय? पट्टी नाही पाहिलीत. फुलपात्र पाहिलंत.

मग ते आजारी पडले. पावसाळ्यात हॉस्पिटलात नेलं ते दिवाळी करून गेले. तुझा दादा रोज ऑफिसातून थेट तिकडे जायचा. खुर्चीवर बसायचा, काय बोलावं ते दोघांनाही कळायचं नाही. तुझे बाबा डोळे उघडून विचारायचे, "तेल बघितलंस?" दादा म्हणायचा, "हाँ बाबा, देखा." बस, एवढंच. बापलेकांचं शेवटच्या महिन्यांतलं सगळं बोलणं या दोन वाक्यांत मावतं.

तू तेराव्यापर्यंत होतीस, तुला तो दिवा आठवत असेल. जिथे ते निजायचे तिथे पिठावर ठेवलेला, दक्षिणेकडे वातीचं तोंड करून. दिवा विझता कामा नये, म्हणून जो येईल-जाईल तो तेल घालायचा. तू पहाटे, मी दुपारी, वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत पुसत, शेजारची भाभीजी सुद्धा. कुणी कुणाला विचारलं नाही, आत्ताच कुणी घातलं का म्हणून. उचलला तेव्हा खालचं पीठ तेलाने भिजून चिखल झालं होतं. त्यात कसलं पाऊल उमटलंय हे बघायचं असतं आपल्यात. काय उमटणार? पाऊल उमटायला पीठ कोरडं तरी राहायला हवं. तुझ्या मावशीने फोनवर विचारलं तेव्हा मी खोटंच सांगितलं, पाखराचं दिसलं.

पाडवा आला. वर्ष व्हायचं होतं, गुढी उभारायची नव्हती. घर इतकं गप्प की मलाच राहवेना. मी दादाला म्हटलं, "गुढी नाही तर नाही, निदान गाडी तरी सुरू कर. पावसाळ्यापासून उभी आहे." तो कुरकुरला, पण नवी बॅटरी घेऊन आला. किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसती खोकली. मग सुरू झाली आणि मागून जो धूर निघाला, काय सांगू तुला. निळा, जाड, चादरीसारखा. समोरची तुळस दिसेना. भाभीजी पदराने नाक दाबत फाटकाशी आल्या, "दीदी, डेंगू का छिड़काव हो रहा है क्या? हमारे उधर भी भेज दीजिए."

दादाने इंजिन बंद केलं. बराच वेळ आतच बसून राहिला. बाहेर आला तेव्हा चेहरा अगदी शांत. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, पण मी म्हटलं, दुःख असेल.

"आई, इंजन गया," तो म्हणाला. "आतल्या पट्ट्या गेल्या. ही आता उठत नाही."

"कुणी सांगितलं?"

"दिख तो रहा है."

"धूर दिसतोय. पट्ट्या दिसतायत का तुला?"

त्या संध्याकाळी त्याने तुला फोन केला. मी बाजूलाच होते. तू म्हणालीस, गेलं असेल तर गेलं, काय करणार. आता म्हणतेस, मी का अडवलं नाही.

मी अडवलं. ऐक ना. चिनहटला एक उस्ताद आहे, तुझ्या बाबांना मानायचा, असल्या गाड्यांचं काम शहरात त्याच्याशिवाय कुणी करत नाही. मी त्याला बोलावून घेतलं. दादाला म्हटलं, गाडी काढायची तर काढ, पण आधी दुखणं तरी कळू दे. माणसाचं कळलं नाही आपल्याला वेळेवर, गाडीचं तरी कळू दे. तो म्हणाला, "ठीक है, तसल्ली कर लो." त्याचं ते "तसल्ली", म्हणजे नुसती मनाची समजूत, मला लागलं.

उस्ताद रविवारी सकाळी स्कूटरवर आला. लाल मेंदीची दाढी, तोंडात पान. त्यालाही दादाने फोनवर पट्ट्याच सांगितल्या होत्या, म्हणून तो अर्धं ठरवूनच आला होता. मी माझा मोढा गॅरेजच्या दारात ठेवला.

"अम्माँ, आप अंदर बैठिए, धुआँ लगेगा."

"लगने दो. धुएँ में ही उम्र गई है."

तो हसला. म्हणाला, "ये इंजन भी तो पान खाने वाला है अम्माँ, ज़रा-ज़रा तेल चबाता ही रहेगा. देखना ये है कि चबा रहा है कि उगल रहा है."

गाडी थंड असताना सुरू केली. पुन्हा तीच चादर. त्याने सायलेन्सरच्या तोंडासमोर पांढरं फडकं धरलं. त्यावर तेलाचे तवंगी ठिपके उठले. पाणी भरायच्या तोंडात वाकून बघितलं, बुडबुडे नव्हते, पाणीही जिथल्या तिथे. धुराला गोड वास नव्हता. म्हणजे पाणी आत शिरलेलं नाही, तेलच जळतंय, इथवर आमचं दोघांचं जमलं. पुढे बिनसलं. तो म्हणाला, गोळ्यांच्या कडेच्या कड्यांतून तेल जातंय, इंजिन उतरवून उघडावं लागेल. मी म्हटलं टर्बो. मला आठवत होतं, निशातगंजला सिग्नलवर थांबून गाडी निघाली की मागे एक निळा भपका यायचा आणि तुझे बाबा पुटपुटायचे, "पंख्याचं सील, पंख्याचं सील." मी ठासून सांगितलं. इंजिन उघडायचं नाही, आधी टर्बो बघा.

आणि चुकले. त्याने हवेच्या गाळणीपासून टर्बोपर्यंत जाणारा पाइप सोडवला आणि बोट आत घालून फिरवलं. बोट कोपरापर्यंत ओघळ येईल इतकं तेलाने माखून निघालं. त्याने ते मला दाखवलं.

"पंखे से पहले ही गीला है अम्माँ. पंखा बेक़ुसूर."

बघ हं, नीट समजून घे. पंखा गळत असता तर पंख्याच्या पुढे तेल असतं. इथे पंख्याच्या आधीच होतं. म्हणजे इंजिनाच्या पोटातून वाफ बाहेर काढायची जी बारीक नळी याच पाइपात येते, तिच्यातून तेल वर चढत होतं, आणि तिथून हवेबरोबर आत जाऊन जळत होतं. पोटातलं तेल नळीपर्यंत का चढेल? उस्ताद थुंकायला फाटकापर्यंत गेला, परत आला, आणि दादाला विचारलं, "भैया, तेल तो कम नहीं है?"

"फुल है. मैंने खुद डाला है."

"गेज देखा?"

उस्तादने तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. खुणेच्या वर, खूप वर, जिथे कोरडं लोखंड असायला हवं तिथवर तेल. त्याने वास घेतला, माझ्यासमोर धरलं. पेट्रोलचा वास नाही. पाणी मिसळलं की तेल ताकासारखं दिसतं, तसंही नाही. स्वच्छ, सोनेरी, मधासारखं. न जळलेलं, नुसतं साठलेलं.

"बंद गाड़ी तेल नहीं पीती भैया," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "कितना डाला?"

दादा म्हणाला, दर अमावास्येला एक फुलपात्र. बाबांनी सांगितलं होतं.

त्यांनी बघ म्हणून सांगितलं होतं रे, मी मनात म्हटलं. त्यांनी ‘बघितलंस’ विचारलं, तू ओतत राहिलास.

पण पट्टीवर जेवढं चढलं होतं तेवढं एकट्याच्या फुलपात्राने होत नव्हतं. उस्तादने मान हलवली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी, ती आपली गोंडा जिल्ह्यातली साधी पोर, पदराशी चाळा करत म्हणाली, "मम्मी जी, शनिचर को थोड़ा हम भी डाल देते थे. पापा जी की आत्मा को अच्छा लगेगा, सोच के." दादाने तिच्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं, एका खोलीत राहणाऱ्या या दोघांनी हे एकमेकांना कधी सांगितलेलं नाही.

मग मी तुला फोन लावला. तू आधी म्हणालीस, "कसलं तेल?" आणि मग हळूच म्हणालीस, "आई, तेराव्यापर्यंत रोज सकाळी घालत होते मी. दिव्याला घालून झालं की गॅरेजमध्ये जायचे. बाबा तिथेच असतील असं वाटायचं."

मी घातलं नाही, बॉनेट उचलायची ताकद नाही माझ्यात. नाहीतर मीही घातलं असतं. पिठाचा चिखल बघून शहाणपण आलं नाही आपल्याला. एकाच माणसाच्या मागे आपण चौघं, आणि चौघं चार चोरांसारखे पाळतीने जाऊन प्रेम करत होतो. ते होते तेव्हाही असंच. कुणी त्यांच्याजवळ बसून काही विचारलं नाही, आणि त्यांनी कुणाला बसू दिलं नाही.

उस्तादने खालचा नट काढून तसराळ्यात तेल सोडलं. सोनेरी धार बराच वेळ चालली होती. हवेचे पाइप धुतले, टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी उतरवून पालथी घातली, तिच्यातूनही वाटीभर निघालं. "इसे न धोओ तो तेल नापने के बाद भी धुआँ देगी, और आदमी फिर इंजन को कोसेगा," तो म्हणाला. नवं तेल घातलं, पट्टी बघत बघत, खुणेपर्यंत.

दादाने किल्ली फिरवली. थोडा निळा धूर आला, विरळ झाला, गेला. उस्तादने पांढरं फडकं धरलं; आता नुसता ओलावा. इंजिन ते जसं गुरगुरायचं तसं गुरगुरू लागलं. मला मटारच्या सालींचा वास आला, उगाच, तिथे काही नव्हतं. उस्ताद म्हणाला, "मुबारक हो अम्माँ, दस साल कहीं नहीं जाती ये." चहा पिऊन तो गेला.

मी दादाला म्हटलं, "झालं ना? आता रविवारी कपूरथळ्याला."

तो बॉनेट पुसत होता. वर न बघताच म्हणाला, "आई, कानपूरचा माणूस शुक्रवारी येतोय. जमा करतो असल्या गाड्या. मी शब्द दिलाय."

"कधी दिलास?"

"पाडव्याच्या आधी."

"म्हणजे धूर नव्हता तेव्हा."

"हाँ."

मी म्हटलं, "मग मला हे सगळं का करू दिलंस?"

त्याने फडकं घडी करून खिशात ठेवलं. तुझ्या बाबांसारखंच ठेवतो, त्याला ठाऊक नाही. म्हणाला, "तसल्ली के लिए. माझ्याही. वाटलं, खराब असेल तर सोपं जाईल." मग गाडीच्या छतावर हात ठेवून म्हणाला, "इस घर में मैं इसका भाई था, आई. वो भी सौतेला. मी शाळेतून यायचो, ते हिच्याखाली झोपलेले असायचे. त्यांचे नुसते पाय दिसायचे मला. आता ते पाय रोज नाही बघू शकत मी."

मला खूप काही म्हणता आलं असतं. म्हणता आलं असतं की बापाच्या मागे बापाची वस्तू काढतात का, की आईला विचारायची रीत असते. तोंडात आलं होतं. पण मी मोढ्यावर बसून ज्या माणसाचं बोलणं चोरून ऐकलं, त्याचे याने नुसते पाय पाहिले. मी काय मोठं अडवणार होते? राग मात्र आला. अजून आहे. त्याच्यावर आहे, त्यांच्यावर आहे, आणि खरं सांगू, तुझ्यावरही आहे, पुण्यातून फोनवर हुकूम सोडतेस म्हणून. धुराचं कारण सापडलं की घरातलं सगळं ठीक होईल असं मला वाटलं होतं, तो मूर्खपणाच. इंजिनात काही बिघडलेलं नव्हतं, हेच उलट बाहेर आलं. बिघडलेलं काय ते समोर उभं राहिलं.

शुक्रवारी तो माणूस आला. भला होता, मला वाकून नमस्कार केला. जाताना दादाने दिवे एकदा लावून दाखवले, डोळे वर आले. मिटताना डावा अडकला, नेहमी अडकायचा तो. तुझे बाबा तळहाताने हलकेच दाबायचे. दादाने दाबला नाही. गाडी तशीच गेली, एक डोळा उघडा ठेवून. मी आत जाऊन डाळ फोडणीला टाकली.

झालं. हे असं झालं. आता दादाला फोन करून भांडू नकोस. भांडायचं असेल तर येऊन समोर बसून भांड. त्यालाही कुणीतरी समोर बसून भांडायला हवंय. गॅरेजमध्ये वहिनीने सोडा टाकून फरशी घासली, तेलाचा डाग गेला नाही. थंडी पुन्हा आली आहे, तिथे आता माझा मोढा असतो, ऊन अजून तिथेच येतं. उरलेल्या डब्यातलं तेल मी थोडं थोडं फाटकाच्या बिजागरीला घालते, बघून घालते. फाटक पूर्वी केवढं करकरायचं, आता मुळीच वाजत नाही. त्यामुळे कोण आलं ते आत कळत नाही मला. तेव्हा लवकर ये, मटार संपायच्या आत ये, आणि फाटकातूनच हाक मार.